धाकटीचे दोन ठिपके

अहो,

परवा धाकटी गेली. परवाना खात्याचा एक अधिकारी आला, आपल्या जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरून त्याने तिला तपासलं, पिशवीत घातलं, माझी सही घेतली आणि नेलं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. चौदा वर्षं जी तुमच्या कमरेला चिकटून या घरावर राज्य करत होती, तिला जायला एवढासा वेळ लागला. त्याचा चहा अर्धाच प्यायलेला तसाच राहिला.

मला वाटलं होतं, ती गेली की हायसं वाटेल. तुम्ही गेल्याचं दुःख एका बाजूला आणि ती गेल्याचं समाधान दुसऱ्या बाजूला, अशी मी मनाची तयारी करून बसले होते. तसं काही झालं नाही. त्या वीस मिनिटांत जे दिसलं त्याने मला अन्न गोड लागत नाहीये, आणि भांडायला तुम्ही नाही. चार वर्षं मी कार्डिफला लेकीकडे राहिले ती या एका वस्तूपायी. नवऱ्याला सोडून राहते, असं लोक म्हणायचे. मी सांगायचे, मी त्यांना सोडलं नाही, त्यांनी तिला सोडलं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं आहे की परवापर्यंत मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण चारचौघांत तुम्ही ते नेहमी तुमच्या बाजूने सांगायचात. आता जरा माझ्या बाजूने ऐका. मध्ये बोलायची सोय तशीही राहिलेली नाही.

तुम्ही तुरुंगातले डॉक्टर. इथे उत्तर आयर्लंडमध्ये त्या काळी तुरुंगात नोकरी करणं म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला कळायचं नाही. "अरे, तू तर औषधं देतोस, तुला कोण कशाला मारेल?" असं तुमची ताई फोनवर म्हणायची. मग एका सकाळी दोन पोलीस आले, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले, आणि अतिरेक्यांच्या कुठल्याशा यादीत तुमचं नाव सापडलंय असं सांगून गेले. घर आणि नोकरी बदला, नाहीतर स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तूल बाळगायचा परवाना घ्या. बाकीच्या ब्रिटनमध्ये असा परवाना मिळत नाही, इथे मिळतो. मी म्हटलं, साउथहॅम्प्टनला तुमचा वर्गमित्र आहे, तिथल्या हॉस्पिटलात जागा निघत असतात, जाऊ या. तुम्ही म्हणालात, "माझ्या पेशंटना टाकून मी पळणार नाही." पेशंट म्हणजे खून करून आत बसलेले लोक. त्यांची तुम्हाला काळजी. माझं आणि बारावीतल्या आपल्या मिथूचं काय, ते आम्ही आमचं बघून घ्यायचं.

आणि मग ती आली. तळहातात मावेल एवढी, काळी, कोटाखाली दिसूही नये अशी. फोनवर, दुकानात, मिथूच्या शाळेत, कुठेही तो शब्द तोंडातून जाता कामा नये असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणून मी तिचं नाव धाकटी ठेवलं. लहान म्हणून धाकटी, आणि खरं सांगायचं तर धाकटी बायको म्हणून धाकटी. पहिला अर्थ तुम्हाला लगेच कळला, दुसरा कळल्याचं तुम्ही कधी दाखवलं नाहीत. दाराबाहेर पडताना मी विचारायचे, "धाकटी आहे ना?" आणि तुम्ही कोटावरून कमरेला हात लावून म्हणायचात, "आहे." बेलफास्टच्या देशपांडे वहिनींना बरेच दिवस वाटत होतं की आपल्याला दुसरी मुलगी आहे आणि तिच्यात काहीतरी कमी आहे म्हणून आपण तिला कुणासमोर आणत नाही. एकदा त्यांनी तिच्यासाठी फ्रॉक दिला होता. आपण दोघं गाडीत बसून किती हसलो होतो, आठवतंय? तेव्हा तिच्यावरून हसता यायचं.

तुम्ही तिचे किती लाड केलेत. मी पोळ्या लाटत असले की तुम्ही ओट्याला टेकून मला शिकवायचात. "लहान पिस्तूल फार नाजूक असतं, कुमुद. मोठ्याला थोडी धूळ, थोडा कचरा चालून जातो. हिच्या आत जागाच नाही. कोटाच्या अस्तराचा एक दोरा पुरे." आणि खरी गोम मॅगझिनमध्ये असते म्हणायचात. मॅगझिन म्हणजे मुठीत खालून सरकवायची ती चपटी डबी. तिच्यात सहा काडतुसं एकावर एक, त्यांच्याखाली एक पट्टी, पट्टीखाली स्प्रिंग. स्प्रिंगने पट्टी रेटायची, पट्टीने काडतूस वर द्यायचं. ते वर आलं नाही तर पिस्तूल आणि पेपरवेट सारखंच. मला हे सगळं पाठ झालं होतं. तिला काडतुसंही कुठली चालतात आणि कुठली नाही हेसुद्धा. गोल नाकाची ती मुकाट्याने घ्यायची, चपट्या नाकाची तोंडाशीच अडकवून ठेवायची. नवं खोकं आणलं की त्यातली निम्मी तुम्ही नेमबाजीच्या रेंजवर उडवून बघायचात, आणि सगळी गेली तरच उरलेली तिच्यात भरायचात. दर महिन्याला तिची स्प्रिंग तपासली जायची. स्वतःच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मात्र आपल्या डॉक्टरकडे जायला तुम्हाला तीन महिने वेळ झाला नाही, आणि तुम्ही स्वतः डॉक्टर.

पहिल्या वर्षी खंडेनवमी आली. माझ्या माहेरी त्या दिवशी विळी, अडकित्ता आणि आमच्या अण्णांचा टाइपरायटर पाटावर मांडत. इथे आल्यावर मी तुमचा स्टेथोस्कोप, माझी शिवणाची कात्री आणि मिथूची कंपासपेटी मांडायचे. म्हटलं, आता घरात खरोखरीचं शस्त्र आहे तर त्याला वगळून कात्रीची पूजा करायची का? तुम्ही हसलात. तिला रिकामी केलीत, तीनदा आत वाकून बघितलंत, आणि पाटावर ठेवलीत. शेजारी रिकामं मॅगझिन. झेंडू इथे मिळत नाही, पेट्रोल पंपावरची पिवळी शेवंती आणली होती. मी हळद-कुंकू वाहिलं, तेलाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. माझा तिच्यावर राग होता, तरी मी तिला हात जोडले. मनात म्हटलं, बाई गं, कधी चालू नकोस, आणि चालायची वेळ आलीच तर आमच्या माणसाला दगा देऊ नकोस. एका दमात दोन्ही मागितलं. दोन्ही मिळालं, असं आता म्हणावं लागतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही रेंजवरून आलात ते हाताची मूठ वळून. "कुमुद, इकडे ये," म्हणालात, आणि मूठ उघडलीत. तळहातावर कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा. दोन गोळ्या उडाल्या आणि तिसरी वर येईना. मॅगझिनचं बूड उघडून बघितलं तर पट्टीच्या कडेला माझी अक्षत अडकलेली. रेंजवरचा तो म्हातारा शिक्षक म्हणे चष्मा कपाळावर चढवून तो दाणा बघत राहिला आणि त्याने विचारलं, "डॉक्टर, हे कुठून येतं?" तुम्ही त्याला सांगितलंत, "बायकोकडून."

मला वाटलं, आता तुम्ही पूजा बंद करायला सांगणार. आणि मी भांडायला तयार होते. पण तुम्ही दुसरं मॅगझिन मागवलंत. माझं मरून रंगाचं नेलपॉलिश घेऊन एकाच्या बुडावर एक ठिपका काढलात, दुसऱ्याच्या बुडावर दोन. फुंकर मारून वाळवलेत. "हे बघ," म्हणालात, "एक ठिपका म्हणजे कामाचं. याला तू हात लावायचा नाही. दोन ठिपके म्हणजे पूजेचं. याच्यावर काय तांदूळ, तेल, कुंकू ओतायचं ते ओत, वर्षानुवर्षं ओत. पण हे चुकूनसुद्धा धाकटीत जायचं नाही. यातून गोळी वर येणार नाही." मी विचारलं, "मग माझ्या पूजेचा उपयोग काय?" तुम्ही म्हणालात, "उपयोग तुला. मला रात्री तू शांत झोपलेली लागतेस."

या घरातलं तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आजही. नऊ-दहा वर्षं आपण तशी नवमी केली. तुम्ही सोवळं नेसायला लाजायचात आणि पायजम्यावर उपरणं घेऊन बसायचात. दोन ठिपकेवालं मॅगझिन तुम्ही कधी पुसू दिलं नाहीत. त्याच्यावर तेल आणि कुंकवाचा थर चढत गेला, आत अक्षता साठत गेल्या. हलवलं की खुळखुळ वाजायचं.

त्याच वर्षांत इथे अतिरेक्यांशी तह झाला. लोक म्हणायला लागले, संपलं. तुमच्याबरोबरच्या दोघा-तिघांनी आपापली पिस्तुलं परत केली. तुम्ही नाही. "कागदावर संपलंय," म्हणायचात. हॉटेलात बसायचं ते दाराकडे तोंड करून. रोज निघताना काठीला लावलेला आरसा घेऊन गाडीखाली बघायचं. देशपांड्यांच्या गणपतीला सगळे शर्टात आणि तुम्ही आरतीला कोट घालून, घामाघूम. कार्डिफला मिथूच्या लग्नात तिला नेता येत नव्हतं, समुद्रापलीकडे हा परवाना चालत नाही. ती पोलिसांकडे ठेवून आलात आणि तीन दिवस तुमचा उजवा हात सारखा कमरेकडे जात होता. कन्यादान करतानासुद्धा. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. परत बघवला नाही.

आणि मग छत्रीचा दिवस.

शनिवारची दुपार, लख्ख ऊन, सुपरमार्केटचा कार पार्क. मी सामान डिकीत ठेवत होते. मागून कुणीतरी ओरडत पळत येत होतं. मला कळेपर्यंत तुम्ही वळला होतात, कोट बाजूला झाला होता, आणि ती तुमच्या हातात होती. मी तिला पाटावर इतक्यांदा बघितलं, पण तुमच्या हातात अशी कधी बघितली नव्हती. तुम्ही तिचा वरचा भाग मागे ओढून सोडलात. खटक असा आवाज झाला. मला शिकवलेलं सगळं त्या एका आवाजात होतं. स्प्रिंगने रेटलं, पट्टीने वर दिलं, काडतूस जागेवर जाऊन बसलं. एक दोरा मध्ये आला नाही. समोर पासष्टीचा एक माणूस, टोपी घातलेला, हातात माझी छत्री. मी ट्रॉलीत विसरले होते. तो खाली बसला. डांबरावर, पाय पसरून. छत्री दोन्ही हातांनी वर धरून तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाईंची छत्री आहे फक्त. फक्त छत्री आहे." त्याची पँट ओली झाली होती. तुमचं बोट कुठे होतं ते मला दिसत होतं.

मी तुमचं नाव घेतलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच. "वसंत," म्हटलं, "खाली करा."

पोलीस आले, लिहून घेतलं, तंबी दिली. तुमचं नाव अजून धोक्याच्या यादीत होतं म्हणून परवाना राहिला. त्या माणसाने तक्रार केली नाही. जाताना तो मलाच म्हणाला, "सॉरी हं, मी आधी हाक मारायला हवी होती." त्याने हाका मारल्या होत्या. तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि श्रवणयंत्र लावायला तुम्हाला लाज वाटत होती.

घरी येऊन मी जेवायला वाढलं नाही. टेबलाशी बसलात, तिला समोर ठेवलीत, आणि तुमच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा: "चालली."

अहो, तो शब्द मी विसरू शकले नाही. एवढी वर्षं तुम्हाला एकच घोर, वेळ आली तर ही चालेल का. वेळ आली. ती चालली. समोर कोण होतं त्याचा त्या शब्दात उल्लेखच नव्हता. मी म्हटलं, "एक तर ही, नाहीतर मी." तुम्ही म्हणालात, "कुमुद, आज ही परत दिली तर उद्या ते मला घर सोडा म्हणतील, नोकरी सोडा म्हणतील." मी म्हटलं, "सोडा." मी अर्धा तास उभी राहिले, ओट्याला टेकून, तुम्ही उभे राहायचात तशी. मग म्हटलं, "तुमची ती चालली ना? मग मीही चालले."

मला वाटलं होतं, आठ दिवसांत तुम्ही याल. फार तर महिनाभरात.

चार वर्षं दर रविवारी अकरा वाजता फोन. हवा कशी आहे, हायड्रेंजियाला फुलं आली, कचऱ्याच्या डब्यांचा वार बदलला. तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "धाकटी आहे का?" तुम्ही म्हणालात, "आहे." मी फोन मिथूकडे दिला. नातवाच्या बारशाला आलात, गेल्या दिवाळीला आलात, पाहुण्यासारखे चार दिवस राहिलात. परत जायचं विमान आधीच ठरलेलं. मला वाटायचं, तिची ओढ आहे.

आता परवाचं सांगते. तिला ठेवायच्या पेटीची किल्ली देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे होती, जिथे नेहमी असते. अधिकारी पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्याने तिला बाहेर काढली, मॅगझिन खाली ओढायला गेला तर ते निघेना. चिकटलं होतं. त्याने अंगठ्याने जोर लावला आणि ते टेबलावर उपडं पडलं. बुडावर मरून रंगाचे दोन ठिपके.

मी बघत राहिले. मी त्याला सांगितलं, "हे चुकीचं आहे. हे आत नसतं." त्याला काय कळणार. त्याने वरून एक एक काडतूस काढायला सुरुवात केली. पहिलंच हलेना. कुंकू आणि तेल वाळून लाखेसारखं झालं होतं. शेवटी त्याने बूड उघडलं आणि आपल्या टेबलावर, त्याच टेबलावर, लाल तांदूळ सांडले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काय आहे, मिसेस?" मी म्हटलं, "बायकोकडून."

त्याने दुसऱ्यांदा बघितलं, आणि जरा अवघडून म्हणाला, "डॉक्टरांकडे एवढं एकच मॅगझिन होतं का? याने एकही गोळी सुटली नसती. पहिलीसुद्धा वर आली नसती." मी पेटी पुढे केली. खाली तुमच्या रुमालात गुंडाळलेलं एक ठिपकेवालं होतं. स्वच्छ, रिकामं. रुमालाला घडीच्या जागी पिवळी रेघ पडली होती. तो रुमाल मी निघून जायच्या आधी इस्त्री केलेल्यांतला, कडेला निळा धागा असलेला. त्याने फाइल चाळली. रेंजवर तुमची शेवटची सही छत्रीच्या दिवसाच्या आदल्या महिन्यातली. त्यानंतर तुम्ही एकदाही गेला नाहीत.

मिथू शेजारीच होती. "आई, बाबाला माहीत होता ना?" तिचं मराठी अजून तसंच आहे. "बाबाने mistake केली नसणार. He was so fussy about it." मी म्हटलं, "नाही केली." एक आणि दोन ठिपक्यांत तुमची चूक होणं शक्य नव्हतं. ठिपके काढलेत तुम्हीच, आणि मला तुम्हीच सांगितलंत की हे चुकूनसुद्धा आत जायचं नाही.

म्हणजे मी दार ओढून गेले त्यानंतर कधीतरी, त्याच आठवड्यात नाहीतर त्याच दिवशी, तुम्ही तुमच्या हाताने तिचा जीव काढून घेतलात. सहा काडतुसं भरलीत, वजन तेवढंच राहावं म्हणून असेल. आणि ते लोखंड कमरेला बांधून चार वर्षं हिंडलात. कुणी खरंच अंगावर आलं असतं तर तुम्ही ते काढून त्याच्यासमोर धरून उभे राहिला असतात, आणि काही झालं नसतं. हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं.

गेल्या दिवाळीत मेडनहेडहून मिथूचे सासू-सासरे आले होते, आपण सगळे जेवायला गेलो, आणि तुम्ही दाराकडे पाठ करून बसलात. मी ते बघितलं. मनात म्हटलं, म्हातारे झाले, विसरले. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. तुम्हाला इतकी वर्षं ओळखते म्हणून मिरवणारी मी.

मिथू म्हणते, तुझ्या हातचं कुंकू लागलेली तेवढीच वस्तू होती, बाबा ती रोज जवळ ठेवत होता. मिथूला सिनेमे आवडतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुम्ही घाबरला होतात. दहा वर्षं, ती चालणार नाही या भीतीने तिला जपलंत, आणि ती चालली तेव्हा खरी भीती काय असते ते तुम्हाला कळलं. पुन्हा तो खटक ऐकायचा नव्हता. परत देऊन टाकली असती तर लोक विचारणार, का दिली, आणि तुम्हाला छत्री सांगावी लागणार. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही मरायला तयार झालात, पण चुकलो म्हणायला तयार झाला नाहीत.

आणि मला का नाही सांगितलंत? ती चालत नाही हे कळलं तर कुमुद काळजी करेल, त्यापेक्षा रागावलेली बरी, असा हिशेब केलात का? रागावलेली बायको कार्डिफला सुखरूप असते, असं? की मी तुम्हाला "एक तर ही, नाहीतर मी" म्हटलं आणि तुम्ही मला निवडलंत, पण ते सांगायला मी आधी परत यावं अशी तुमची अपेक्षा होती? मी तिकडे वाट बघत होते, तुम्ही तिला टाकाल म्हणून. तुम्ही तिला टाकून बसला होतात आणि तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत. चार शब्द होते, अहो. "कुमुद, ती चालत नाही." दर रविवारी फोन होता. कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलायला तुम्हाला शब्द सापडत होते.

तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात पडलात आणि शेजारणीला दुपारी कळलं. तुमची ताई म्हणाली, तू असतीस तर. मी तिच्याशी भांडले नाही. मी असते तर खरंच.

हे सगळं मी तुमच्यावर ढकलून मोकळी झाले असते. पण एक गोष्ट उरते, ती माझी आहे.

तुमच्या शेवटच्या रविवारी हवा झाली, फुलं झाली. मग म्हणालात, "कुमुद, या वर्षी नवमी कधी आहे गं?"

चार वर्षांत तुम्ही नवमीचं नाव काढलं नव्हतं. मला ते ऐकू आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, तिची पूजा करायला मी येऊ की काय आता. मी म्हटलं, "कॅलेंडर बघा." तुम्ही म्हणालात, "इथे या वर्षीचं नाही. तू पाठवायचीस." मी म्हटलं, "मग मलाही माहीत नाही." आणि फोन ठेवला.

पुण्याहून आलेलं कॅलेंडर मिथूच्या फ्रिजवर लावलेलं होतं. मी त्याच्यासमोरच उभी होते. त्या तारखेवर बोट ठेवून तुम्हाला माहीत नाही म्हणाले.

अहो, नवमी येत्या गुरुवारी आहे.